टिकारामाचे पडदे आणि घरची बंडी

दिघोरीच्या टिकारामाला नाटकाचं भारी वेड. दिवाळी सरली की गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरायची, रात्री नाटक व्हायचं, आणि राजाचं काम टिकारामाशिवाय कुणाला मिळत नसे. पडदे मात्र भाड्याने यायचे. एकदा राजवाड्याच्या जागी जंगल आलं आणि राजेसाहेबांना झाडाखाली दरबार भरवावा लागला. तेव्हाच त्याने ठरवलं, पडदे आपणच घ्यायचे आणि भाड्याने द्यायचे.

निम्मे पैसे बैलजोडी विकून येणार होते, निम्मे बँकेकडून. साल एक्क्याऐंशी. बँकेतले साहेब म्हणाले, "धंदा कसा चालवणार, ते लिहून आणा." टिकाराम मनातून चिडला. सारं डोक्यात पक्कं असताना कागद कशाला काळे करायचे?

तरी बसला ओसरीवर. सकाळी बैलांचा व्यापारी येणार होता. राजाच्या आवाजात वाचत वाचत तो लिहू लागला, "बैलजोडी विकून पडदे घेणार. पडदे गावोगावी नेणार घरच्याच बैलबंडीने..."

आणि त्याची लेखणी तिथेच अडली.

बायको देवकाबाई भाजी निवडत होती. "काहून थांबले जी?"

"बैल विकल्यावर बंडी वढन कोन?"

"तुमीच वढा. मुकुट घालून."

दोघंही पोट धरून हसले. हसता हसता टिकारामाच्या ध्यानात आलं: डोक्यातल्या धंद्यात बैल विकलेही जात होते आणि बंडीला जुंपलेलेही असत. कागदावर ते जमेना.

मग तो हट्टालाच पेटला. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत पडदे काय करतील? उंदरांपासून राखेल कोण? मंडई संपली की भाडं देईल कोण? तिथे त्याने लग्नाचे मांडव लिहिले, आणि दहा पडद्यांचे चार केले. चारांना नुसतं बँकेचं कर्ज पुरत होतं.

सकाळी व्यापारी आला तसा परत गेला. टिकारामाचा जीव भांड्यात पडला. बैलांच्या पाठीवरून हात फिरवून तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

साहेबांनी कागद वाचला. "बैलजोडी धंद्यात धरली, पण किंमत लिहिली नाही?"

"ते विकाचीच नाही, साहेब. किंमत कायले लिहू?"

साहेब हसले आणि कर्ज मंजूर झालं. त्या वर्षीच्या पहिल्या मंडईला चार पडदे घेऊन बंडी निघाली. राजा बंडी हाकत होता, ओढत नव्हता.