काकूंकडे ठेवलेली निळी बॅग

दिल्लीतल्या मराठी माणसाची बदली झाली की तो आधी सरकारच्या नावाने बोटं मोडतो, मग पॅकर्सवाल्याशी भावावरून भांडतो आणि शेवटी ट्रकमध्ये न मावलेलं सामान अलकनंदाकाकूंच्या दारात आणून ठेवतो. ‘काकू, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे,’ असं प्रत्येक जण म्हणे. त्या दोन-तीन महिन्यांतले काही आता मतदानाच्या वयाला आले होते.

हा उद्योग सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये सुरू झाला. काकूंचे यजमान, शांतारामकाका, केंद्र सरकारात नोकरीला. आजूबाजूला येणारी-जाणारी मराठी बिऱ्हाडं. कुणी पाळणा ठेवून गेलं, कुणी बाजाची पेटी, कँटोन्मेंटमधला एक सुभेदार आपली काळी ट्रंक ठेवून गेला. पुढे काका गेले आणि काकू नोएडाला मुलाकडे राहायला आल्या. येताना त्यांनी स्वतःचा अर्धा संसार वाटून टाकला. लोकांचं सामान मात्र जसंच्या तसं बरोबर आणलं.

कुठलं खोकं कुणाचं, हे काकूंनी कधी लिहून ठेवलं नाही. सगळं तोंडपाठ. आणि एकाही खोक्याची दोरी त्यांनी आयुष्यात सोडून पाहिली नाही. ‘माणसाने बंद करून दिलंय ना, मग ते बंदच राहायचं,’ असं त्या चारचौघांत अभिमानाने सांगत. अभिमान थोडा जास्तच होता, हेही खरं. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी ‘काकूंचं घर म्हणजे बँकेचा लॉकर’ म्हटलं, की त्या आठवडाभर त्यावर खूश असत.

निळी बॅग आली ती गेल्या जानेवारीत. दुपारची वेळ होती, पण धुक्यामुळे समोरची इमारत दिसत नव्हती. दारात ममता उभी होती. मंडळातल्याच विश्वजितची बायको, साताऱ्याकडची, लग्नाला चार वर्षं झालेली.

“काकू, ही ठेवाल?” तिने बॅग पुढे केली. “मी मागायला आले की लगेच द्यायची. दुसऱ्या कुणाला नाही.”

“विश्वजितला?”

“त्यांना तर नाहीच.” तिचा आवाज एकदम खाली आला. “आणि मला फोन करू नका. माझा फोन मी एकटी बघत नाही.”

बॅग घेताना ममताच्या स्वेटरची बाही वर सरकली. मनगटाभोवती काळेनिळे वळ उमटले होते. काकूंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. कारण त्यांना विश्वजित आवडत असे. मंडळाचा कार्यक्रम असला की हा मुलगा सकाळपासून खुर्च्या मांडायचा. रांग अशी सरळ, की दोरी धरून लावावी. एखाद्याने खुर्ची जरा तिरकी केली, की हसत हसत येऊन सरळ करून जायचा. ‘नवरा असावा तर असा,’ हे वाक्य खुद्द काकूंनी ममतासमोर म्हटलेलं होतं. त्या दिवशी धुक्यात ती दिसेनाशी झाली, तेव्हा ते वाक्य त्यांना आठवलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी बॅग स्वतःच्या पलंगाच्या पेटीत, रजयांच्या तळाशी ठेवली. त्यानंतर दाराची बेल वाजली की त्यांना वाटे, ममता आली. ती आली नाही.

ऑक्टोबरमध्ये सुनेच्या अंगात आवरण्याचं वारं शिरलं. प्रज्ञा पोरगी गुणी, पण वाढली दिल्लीत आणि मोबाइलवर घर नीटनेटकं करायचे व्हिडिओ बघबघून तिला फक्त मोकळ्या भिंती आवडू लागल्या होत्या.

“आई, ये सब क्लटर आहे,” ती बाल्कनीत उभी राहून म्हणाली. ‘अडगळ’ हा शब्द तिला ठाऊक नव्हता, नाहीतर तोच तिने वापरला असता. “वर्षभर हात नाही लागला तर ती वस्तू घरात नको. बिल्कुल सिंपल आहे.”

“माझी असती तर कधीच टाकली असती. लोकांची आहे.”

“मग लोकांना देऊन टाकूया ना! मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकते. तुम्ही फक्त नावं सांगा.”

यात वावगं काय होतं? काकू खुर्ची टाकून बसल्या. प्रज्ञा एकेका वस्तूचा फोटो काढी, काकू धडाधड नाव सांगत आणि प्रज्ञा ‘अच्छा! आई, कमाल आहे तुमची!’ असं म्हणत टाइप करी. स्तुती कुणाला कडू लागते? काकू रंगात आल्या. त्याच दिवशी रजया उन्हात घालायच्या म्हणून पलंगाची पेटीही उघडलेली होती. प्रज्ञाने आतलं सगळं बाहेर आणलं, मोबाइल धरला आणि विचारलं, “आणि ही निळी?”

“ममताची,” काकू बोलून गेल्या.

जीभ चावली, पण उशीर झाला होता. “तो फोटो टाकू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि प्रज्ञा म्हणाली, “अरे, सगळे एकदमच गेले!”

“काढ! आत्ताच्या आत्ता काढून टाक!”

प्रज्ञाने घाबरून फोटो पुसला. पण तेवढ्यात खाली एक उत्तर येऊन पडलं होतं. विश्वजितने हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. बाकी काही नाही.

काकूंना जेवण गेलं नाही. फोन करावा तर ममतानेच नको म्हटलेलं. न करावा तर तिला कळणार कसं? सकाळी विश्वजित ऑफिसला गेला की स्वतः जाऊन तिला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. बॅग परत पेटीत ठेवली, तिच्यावर रजया रचल्या आणि तरीही रात्रभर त्यांना आपल्या पाठीखाली ती बॅग टोचत असल्यासारखं वाटत राहिलं.

सकाळी दूध आणून त्या परतल्या, तर प्रज्ञा खुशीत होती. “आई, विश्वजित येऊन गेले. इतके पोलाइट आहेत! चहा पण नाही घेतला. ममतानेच पाठवलंय म्हणाले.” तिने टाळी वाजवली. “चलो, एक तरी गेलं!”

काकूंनी दुधाची पिशवी ओट्यावर टाकली. दोन वाक्यांत त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. प्रज्ञाचा चेहरा उतरला. “आई, मला काय माहीत? तुम्ही सांगितलं का नाही?” काकू पुन्हा पायात चपला सरकवत होत्या. “पोलिसांना फोन लाव,” त्या म्हणाल्या. “पत्ता ग्रुपवरच्या कुणालाही विचार. मी पुढे होते.”

ई-रिक्षा दोन सेक्टर ओलांडून विश्वजितच्या सोसायटीच्या गेटवर थांबली. गार्डने इंटरकॉमवरून विचारलं आणि हसून म्हणाला, “जाइए आंटीजी, साहब बुला रहे हैं।”

दार उघडंच होतं. विश्वजित चहाचा कप घेऊन उभा होता, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. “या, काकू. मला वाटलंच तुम्ही याल.”

घर लखलखीत होतं. सोफ्यावर सुरकुती नाही, शेल्फावरच्या वस्तू उंचीप्रमाणे लावलेल्या. जेवणाच्या टेबलावर निळी बॅग रिकामी पडली होती आणि तिच्यातलं सामान ओळीने मांडलेलं होतं. दोन ड्रेस, पासपोर्ट, कॉलेजची सर्टिफिकेटं, एक साधा मोबाइल, रबर लावलेल्या थोड्या नोटा, आईवडिलांचा जुना फोटो. एकही वस्तू तिरकी नव्हती. आठ-नऊ महिने आपण कशावर झोपत होतो, ते काकूंना तेव्हा कळलं.

“घर आवरायला काढलंय,” विश्वजित म्हणाला. “तुमच्यासारखंच. मला पसारा अजिबात चालत नाही. तिलाही किती वेळा समजावलंय.”

“ममता कुठंय?”

“झोपलीये. बरं नाहीये तिला.”

काकूंनी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. दाराला बाहेरून कडी होती, आणि ती घातलेली होती. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. परत फिरावं, खाली गार्डपाशी जाऊन उभं राहावं, पोलीस येतील तेव्हा येतील, असं त्यांना मनापासून वाटलं. मग त्या दाराकडे चालू लागल्या.

“काकू.” त्याचा आवाज अजूनही गोडच होता. “दुसऱ्याचं बंद केलेलं उघडायचं नसतं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?”

“सांगते खरी,” काकू म्हणाल्या. “ममता! मी आलेय गं!”

मागे कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं जवळ येऊ लागली. काकूंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी कडीला हात घातला. जोर लावावा लागेल असं त्यांना वाटलं होतं, पण कडी रोजच्या वापरातली होती. एका बोटाने सरकली.