श्रावणात मारलेला रंधा

आप्पांच्या बैठकीतली खिडकी मी खांदा लावून ढकलली, तरी हलेना. पाचही खिडक्यांची तीच गत. कोरीट गावातलं जुनं घर, अस्सल साग, प्रत्येक खिडकीला दोन झडपा. बाहेर पाऊस धो धो चालू आणि कानबाई आठ दिवसांवर.

"मिस्तरी, कानबाईना आधी खिडक्या उघडाले पाहिजेत. घर भरी पाव्हना येतीन," आप्पा म्हणाले.

आमच्या खान्देशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. पुण्या-सुरतेला गेलेले सगळे भाऊबंद तेव्हा घरी येतात. त्याआधी घराची रंगरंगोटी झालीच पाहिजे.

आप्पांचा मुलगा सुरतेला नोकरीला. त्याचं एकच पालुपद, लाकूड काढा आणि ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवा. आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला विचारलं, "सांग रे, टिकतीन का?"

"साहेब, साग आहे हा!" मी तोऱ्यात म्हणालो. "तुमचं स्लायडिंग मोडेल, हे राहील."

"बघा हं मिस्त्री. तुमच्या शब्दावर ठेवतोय," तिकडून आवाज आला.

लाकूड पावसाळ्यात ओल पितं आणि फुगतं. उन्हाळ्यात सुकून आकसतं. जुना ऑइलपेंट त्याला थोडंफार वाचवतो. मी काय केलं? हीट गनने तो रंगच आधी खरवडून काढला. उघडं लाकूड दोन दिवसांत आणखी फुगलं. मग काढला रंधा आणि तासल्या कडा. खरं तर इथे हात आवरायचा असतो. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की मगच कडांना हात लावायचा. तीस वर्षं हेच करतोय, मला कळत नव्हतं थोडंच! पण घरभर माणसं बघत होती आणि मला शाबासकी हवी होती. ती मिळाली. आप्पा येईल त्याला एका बोटाने झडप उघडून दाखवत होते.

चैत्रात त्याच रस्त्याने चाललो होतो, म्हणून डोकावलो. झडपांमध्ये पेन्सिल जाईल एवढ्या फटी. प्रत्येक फटीत जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबलेल्या. आप्पांना दमा, आणि बाहेरून धूळ नि झळा आत येत होत्या.

"फोन का नाही केला, आप्पा?"

"पोऱ्याले कळनं तं काढीच टाकी. तुन्हा शब्द खाले पडी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "परवा येतो, पट्ट्या जोडून फटी बुजवतो," म्हणालो. त्या परवाचे बारा दिवस झाले. शहाद्याचं एक मोठं काम हातात होतं, ते सोडवलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

पट्ट्या घेऊन गेलो, तेव्हा अंगणात धुरळा होता. आप्पांना दम्याने दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मुलगा सुरतेहून आला, त्याने चिंध्या पाहिल्या. त्याची माणसं कटरने चौकटी कापत होती. झडपा उन्हात पडल्या होत्या. तो आवाज न चढवता म्हणाला, "आता काय घेऊन आलात, मिस्त्री?"

मी पट्ट्या गाडीतून उतरवल्याच नाहीत.

आप्पा बरे होऊन घरी आले. भेटले की म्हणतात, "मन्हीच घाई व्हती रे." घाई त्यांची होती, खरंच. पण रंधा माझ्या हातात होता. आता पावसाळ्यात कुणी अडलेली खिडकी दाखवली की मी सांगतो, अडू द्या. गिऱ्हाईक दुसऱ्या मिस्त्रीकडे जातं. जाऊ दे.