बुधामामा एकटेच गेले तो रविवार

बुधामामा म्हणजे माझ्या आईचे मानलेले भाऊ. आमच्याच वाडीत राहतात, गडबच्या आतल्या बाजूला. आठवडाभर रोह्याला कंपनीत माल उतरवायचा आणि रविवारी वाड्यावाड्यांतून येशूचं सांगत, प्रार्थना करत फिरायचं. पण एकटे कधीच नाही हां! सोबत रमेशमामा ढोलकी घेऊन, आणि रमेशमामांची बायको संध्यामामी. बुधामामा बोलणार, रमेशमामा गाणार, मामी आत चुलीपाशी बायकांत जाऊन बसणार. वर्षानुवर्षं असंच.

मग भांडण झालं. इतक्याशा गोष्टीवरून!

रमेशमामा म्हणाले, "बुध्या, तू बोलाय लागलास की बकऱ्या पण झोपतात रे. लोकांना शिफ्टला जायचं असतं, जरा आवर."

"मग ऱ्हावा घरी दोघं. माझ्यासोबत देव हाय, मला कुणाची गरज नाय."

आणि पुढच्या रविवारी खरंच एकटे गेले.

कासूकडच्या एका वाडीत आवडी नावाची पोरगी नुकतीच बाळंत झालेली, पडूनच होती. मामा दारात उभे राहिले. "काय होतंय गो पोरी?"

"काय नाय. कमजोरी हाय."

सासूनंही मान खाली घातली. मामांनी उंबऱ्याशी उभं राहून प्रार्थना केली, मनापासून केली, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "व्हईल बरी."

आईला काही पटेना. बाळंतीण उठतच नाही म्हणजे काय? तिनं संध्यामामीला फोन केला. मामी सकाळीच पोचली, आवडीचा हात धरून बसली, आणि मग सगळं बाहेर आलं. रक्त थांबतच नव्हतं. परक्या पुरुषाला हे कोण सांगणार, सांगा ना!

टेम्पोतून पेणला नेलं. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस गेला असता तर वाचली नसती. रक्त लागणार होतं, ते रमेशमामांनी दिलं.

बुधामामा कळल्याबरोबर काम टाकून आले. दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, बायबल मांडीवर तसंच बंद. माझ्याकडे बघितलं पण नाही. रमेशमामा दंडाला कापूस दाबून बाहेर आले, शेजारी बसले.

"देव व्हता रे माझ्यासंग," बुधामामा म्हणाले. "पण तिला संध्या पायजे व्हती. आन मीच तिला घरी बसवली."

रमेशमामा उठले. म्हणाले, "चल, च्या घे. सकाळपासून उपाशी हायस."

आवडी वाचली. त्यानंतरच्या रविवारी मामांनी सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगितलं, काही लपवलं नाही. आई रडली, मी पण.

परवा मी त्यांच्यासोबत जित्याच्या वाडीवर गेले होते. एका घराबाहेर मामा भर उन्हात उभे. मी म्हटलं, मामा आत चला ना, किती वेळ?

"संध्या आत हाय," ते म्हणाले. "ती बोलवंल तवा जाईन."