कारल्याची कातडी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी किनुएबाई मुगिशिमा गोंदारा राक्षसाच्या पोशाखाच्या शेपटीवर रबराचा चीक लावत होत्या. शेपटीला तीन ठिकाणी चिरा पडल्या होत्या आणि दहा वाजता टोकियोच्या सेतागाया भागातल्या सभागृहाचं दार उघडणार होतं. दरवर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी गोंदाराचे चाहते इथे जमतात. हा राक्षस सिनेमाच्या पडद्यावर पहिल्यांदा आला तेव्हा किनुएबाई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि स्टुडिओच्या पोशाख विभागात कातडी चिकटवायचं काम करत होत्या. आता त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि चाहते त्यांना ‘कारलेवाल्या आजी’ म्हणतात.

या नावामागची गोष्ट प्रत्येक चाहत्याला पाठ आहे. कातडीचा नमुना काही केल्या जमेना, म्हणून किनुएबाई समोरच्या भाजीवाल्याकडे गेल्या, कारलं आणलं, प्लास्टरमध्ये दाबलं आणि त्या साच्यातून गोंदाराची खडबडीत कातडी निघाली. १९८३ साली एका चाहत्यांच्या मासिकात त्यांनी ही गोष्ट सांगितली. तेव्हापासून लोक मेळाव्याला येताना त्यांच्यासाठी कारली आणतात. कुणी कारल्याला डोळे चिकटवतं, कुणी शेपूट.

मासिकात एक फोटोही आला होता. तरुण किनुए शेपटी मांडीवर घेऊन बसलेली, आणि डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर. एवढंच, कोपर. त्या कोपरावर चाहत्यांनी चाळीस वर्षं वाद घातले. कुणी म्हणालं दिग्दर्शकाची बायको, कुणी म्हणालं चहावाली. कोपर छापलेले टी-शर्टही निघाले. किनुएबाईंना कुणी विचारलं की त्या म्हणत, “आठवत नाही हो.”

साडेआठला ओरिहारा आला. चाळिशी उलटलेला, भाजीच्या घाऊक बाजारात कारकून. सुट्टीच्या दिवशी तो गोंदारावर पुस्तकं लिहितो आणि स्वतःच्या खर्चाने दोनशे प्रती छापून चाहत्यांत वाटतो. यंदाच्या पुस्तकाची पानं त्याच्या पिशवीत होती.

“सेन्सेई,” गुरूला हाक मारावी तसं तो म्हणाला, “एक बारीकसं विचारू?”

“तुमचं बारीकसं मला माहीत आहे. मागच्या वर्षी तुम्ही शेपटीच्या गाठी मोजायला बसवलं होतं मला.”

“त्रेसष्ट निघाल्या.”

“बासष्ट. एक डाग होता.”

खुर्चीवर बसून भाताचा गोळा खाणारे उबुकाता खोकल्यासारखे हसले. गोंदाराच्या पोशाखात शिरून इमारती पाडणारा माणूस तो हाच. आता वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

ओरिहाराने बेचाळिसावं पान काढलं. “पोशाख फेब्रुवारीत झाला, हे स्टुडिओच्या वेळापत्रकात आहे. म्हणून मी आमच्या बाजारातल्या आवकीच्या जुन्या नोंदी पाहिल्या. त्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, टोकियोत कारलं आलेलंच नाही. एकही नाही.” मग घाईघाईने म्हणाला, “वाळवलेलं असेल ना? किंवा कुणाच्या गावाकडून आलेलं? तुम्ही सांगाल तसं लिहितो. उद्या छापायला द्यायचंय.”

सुटायची वाट त्याने स्वतःच दाखवली होती. वाळवलेलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. किनुएबाईंनी ब्रश चिकाच्या डब्यावर आडवा ठेवला.

“कारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “टाच होती.”

“कसली टाच?”

“सुते मिनेकावाची. माझ्या शेजारी बसायची. थंडीत तिच्या टाचांना भेगा पडायच्या, अशा की मोज्यांचे धागे अडकायचे. एक दिवस तिने पाय धुतला आणि सरळ प्लास्टरमध्ये ठेवला. सगळे हसले. साचा काढला तेव्हा कुणी हसलं नाही.”

“मग कारलं कुठून आलं?”

“माझ्या तोंडातून. मुलाखतीला आलेला मुलगा वहीवर पेन टेकवून बसला होता. त्याला टाच कशी सांगू? आणि टाच म्हटलं की, कुणाची, हे आलंच. सुते तेव्हा लग्न करून दूर चिचिबू गावाला गेली होती. त्याला फोटो दिला तेव्हा तिची बाजू मी कात्रीने कापली. कोपर तेवढं राहिलं.”

मासिक सुतेनेही वाचलं होतं. पुढच्या नववर्षाच्या पोस्टकार्डावर तिने लिहिलं, ‘कारल्याची गोष्ट वाचली. गंमत वाटली.’ त्यानंतर तिचं कार्ड कधी आलं नाही. सहा वर्षांपूर्वी आलं ते तिच्या मुलीचं, सुते गेल्याचं कळवणारं, काळी किनार असलेलं.

उबुकातांनी बोटाला चिकटलेलं भाताचं शीत खाल्लं. “मी तिला चिडवायचो. म्हणायचो, सुतेताई, तुझा पाय अंगभर पांघरून फिरतोय बघ मी.”

“तुम्हाला माहीत होतं!” ओरिहारा म्हणाला. “मग बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं? मला सगळे विचारतात, आत किती उकडायचं.” मग ते किनुएबाईंकडे वळले. “आणि तू दरवर्षी कारली घेऊन घरी जायचीस. मला वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल.”

किनुएबाईंनी हातपिशवीतून एक पाकीट काढून ओरिहारापुढे ठेवलं. आत फोटोचा कापलेला तुकडा होता. हसणारी, दात थोडे पुढे असलेली मुलगी, एका पायात मोजा, दुसरा उघडा. गेली सहा वर्षं त्या तो तुकडा मेळाव्याला आणत होत्या आणि तसाच परत नेत होत्या.

ओरिहाराने तो बेचाळिसाव्या पानावरच्या फोटोला लावून पाहिला. कोपराला खांदा मिळाला. त्याने पेन काढून मजकुरावर आडवी रेघ मारली.

“सेन्सेई, लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“ठेवू देत. तिचं नाव आधी छापा.”

दहा वाजता दार उघडलं. पहिली आली ती एक बाई आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात लाल फीत बांधलेलं कारलं होतं. किनुएबाईंनी तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहे हो. थँक्यू.” उबुकाता मुद्दाम दुसरीकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत अकरा कारली जमली, आणि अकराही वेळा त्या तेवढंच म्हणाल्या.

उद्या सोमवार. छापखाना नऊला उघडतो. ओरिहाराने बाजारातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे, आणि बेचाळिसाव्या पानावर फोटो पूर्ण आहे.