बाबांच्या दोन गोळ्या

जबलपूर स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं होती, तरी बाबांचं चालूच होतं. "इतकं शिकून दवाईच देशील ना? ते तर आपल्या कांचघर मोहल्ल्यातपण देता येते." फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या या माणसाच्या लेखी फार्मासिस्ट म्हणजे दुकानदार. मला असा राग आला की गाडी हलली तेव्हा मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. ते अजून सलतं.

पुण्यातल्या रुग्णालयात सहा वर्षं झाली. चिठ्ठी वाचायची, डोस पडताळायचा आणि प्रत्येकाला विचारायचं, याशिवाय आणखी काय घेता? लोक वैतागतात. मी सोडत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची शुगरची गोळी संपली. मी तीच गोळी, दुसऱ्या कंपनीची, त्यांच्या चिठ्ठीवर घेऊन कुरियरने पाठवली आणि मोठा तीर मारल्यासारखी कामाला लागले.

महिन्याभराने भर गर्दीत आईचा फोन आला. "हे घामाघूम झाले, काहीबाही बोलून राहिले. मला काही समजून नाही राहिलं." गिळता येतंय का, एवढं विचारलं आणि ओरडलेच, साखर घाल पाण्यात, आधी पाज! मग नुसता चमच्याचा आवाज. मी मोबाइल कानाला चिकटवून उभी, समोर रांग. शेवटी बाबा कुरकुरले, "इतकं गोड काहून?" मला तिथेच रडू फुटलं.

शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून शेजारच्या भैयांच्या गाडीतून त्यांना लगेच दवाखान्यात न्यायला लावलं. घरातली सगळी औषधं सोबत घे, असं आईला सांगितलं. तिथून तिने फोटो पाठवला. दोन पाकिटं, दोन नावं, औषध एकच. सरकारी दवाखान्यात गोळ्या पुन्हा मिळू लागल्या होत्या आणि बाबा दोन्ही घेत होते.

"तू पाठवली ते कशी सोडू?" खाटेवरून ते मला फोनवर म्हणाले. "अन् सरकारी वाया काहून घालवू?"

चूक माझी होती. दिवसभर परक्यांना विचारायचं आणि स्वतःच्या बापाला नाही. आपण घर सोडून गेलेले लोक खोकी पाठवतो आणि सुटलो समजतो.

ते घरी आल्यावर मी बजावलं, मला विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही. सकाळी आठला फोन ठरला. परवा औषधांच्या खिडकीवर झुंबड होती, मला साडेदहा वाजले. आई भडकली होती. "हे नाश्ता समोर घेऊन तसेच बसून आहेत. म्हणतात, बेटी अजून बोलली नाही."

फोन बाबांकडे गेला. ते रागावले नव्हते, नुसते थांबले होते. मी म्हटलं, घ्या बाबा. पलीकडे त्यांनी पाणी प्यायल्याचा आवाज आला. मी पुण्यात घर घेतलंय, पण माझं घर विचाराल तर ते अजून तिथेच आहे, माझ्या एका शब्दावर अडून बसलेलं.