दादा, नामदेवभाऊ आणि नव्वदची लेन्स

रविवार, सोळा तारीख, सकाळी अकरा. कन्हान, दादाच्या घराची पुढची खोली. हजर: कुंदावहिनी, मी आणि माझे यजमान, वहिनींचे दोन भाऊ, शेजारची सात माणसं, खाणीच्या कार्यालयातले दादाचे तीन जुने सहकारी, दर रविवारी कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या त्याच्या मंडळीतले सहा, आणि सर्वांत मागे, चपलांच्या ढिगाजवळ, नामदेवभाऊ. एकूण बावीस.

अरुणदादाच्या पुण्यानुमोदनाची ही हजेरी मी मांडीवरच्या वहीत लिहिली. कोण कोण आलं होतं हे वहिनी नंतर विचारतील, तेव्हा सांगता यावं म्हणून. बाविसावं नाव लिहिताना मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस इथे कशाला? दादाचं आणि त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण होती कॅमेऱ्याची एक लेन्स. वंदना झाली, चहा फिरला. नामदेवभाऊ वहिनींपाशी आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, अरुणभाऊचा कॅमेरा कुठं हाय?"

"कपाटात हाय भाऊ. काहून?"

"कोणाले देऊ नका. एकदा मले पाहू द्या."

माणूस जाऊन आठ दिवस झाले नाहीत आणि याचा डोळा कॅमेऱ्यावर... सगळे गेल्यावर कपाट उघडलं, कॅमेरा लेन्ससकट पिशवीत घातला आणि घरी घेऊन आले. वहिनींना म्हटलं, माझ्याकडे सुरक्षित राहील.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कोळसा खाणीच्या कार्यालयात आरेखक होता. जमिनीखालचे बोगदे कागदावर काढण्यात त्याची सगळी नोकरी सरली. हात स्थिर, बोलणं कमी, आणि माणसावर विश्वास चटकन. मी नेमकी उलट. एका महाविद्यालयाच्या भांडारात काम करते. आलेला माल मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय घरीही सुटत नाही. दादा म्हणायचा, "मीने, तू तं पंगतीतही पापड मोजून घेशीन." त्याच्याकडे फिल्मचा एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता. या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही. बाजूच्या छोट्या खिडकीतून पाहायचं. मधल्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते, आणि लेन्सची कडी फिरवून त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस लागला असं समजायचं. म्हणजे लेन्स स्वतः काय पाहते ते आपल्याला कधीच कळत नाही, खिडकी सांगेल ते खरं मानायचं. मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. दादाला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे.

त्यावर पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स होती. निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे घ्यायचे; छप्पन्न साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेली होती ती माणसं. नऊ नावं निघाली. पण पन्नासनं चेहरा भरायचा तर कॅमेरा पार नाकाशी न्यावा लागे, आणि माणसं डॉक्टरसमोर बसल्यासारखी ताठ होत. कोपऱ्यावरचे आबाजी तर म्हणालेच, "अरुण, फोटो काढून राहिला का दात पाहून राहिला गा?" तेव्हा नक्की झालं, की थोडी लांबची लेन्स हवी. दोन-अडीच मीटरवर बसावं, गप्पा माराव्यात आणि चेहरा तेवढा यावा.

निवड करायची म्हणजे यादी करायची, आणि यादी माझ्याकडे. पंचाहत्तर, पंच्याऐंशी, नव्वद, एकशे पस्तीस. समोर वजन, उजेड किती लागतो, किती जवळून चालते असे रकाने. पंचाहत्तरची चौकट दादाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत उमटतच नव्हती, म्हणजे फोटोत काय येणार ते अंदाजानं ठरवायचं. ती मी खोडली. एकशे पस्तीसची चौकट इतकी बारीक, की चेहरा तिळाएवढा दिसे. नव्वदची चौकट नीट होती. नव्वदमध्ये पुन्हा दोन प्रकार: एक हलकी, पण उजेड जास्त मागणारी, दुसरी एफ-दोनची, म्हणजे मोठ्या तोंडाची, जड, खिडकीचा एक कोपरा झाकणारी, पण अंधाऱ्या खोलीतही चालणारी. या दुसरीत अडचण अशी, की फोकसची जागा फार थोडी. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर. मी हलकीच्या बाजूनं होते. दादा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसायले उन्हात कायले बसवू? त्यायच्या घरात जाऊन काढीन. एफ-दोनचीच पाहू." पंच्याऐंशी जवळपास तशीच म्हणून ती राखीव ठेवली.

लेन्स आणून दिली नामदेवभाऊंनी. प्रताप नगरात, घरच्याच एका खोलीत ते जुने कॅमेरे दुरुस्त करतात. दादाचे वीस वर्षांचे मित्र, रविवारच्या मंडळीतले. दादानं टेबलावर नऊ काडेपेट्या तिरप्या ओळीत मांडल्या, मधल्या पाचवीवर फोकस केला आणि फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा पाचवी धूसर, आणि तिच्या पुढची तिसरी लख्ख. पुन्हा केलं. पुन्हा तिसरीच. आबाजींचाही एक फोटो त्या रोलवर होता. फोकस डोळ्यांवर होता, स्पष्ट आले ते मांडीवरचे हात. दादानं ते फोटो नामदेवभाऊंपुढे ठेवले. मी बरोबर होते. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "लेन्स बरोबर हाय, अरुणभाऊ. कॅमेरा ठेवून जा, मी पाहतो."

परतताना मी दादाला म्हटलं, "तक्रार लेन्सची आणि मागून राहिला कॅमेरा. पन्नासनं तं तोच कॅमेरा इतके चांगले फोटो देते. आतला एखादा भाग काढून घेतला, तं आपल्याले कळणार हाय का?"

"नामदेव तसा नाई वं."

"सापडेपर्यंत कोणीच तसं नसते."

दादानं कॅमेरा नेला नाही. नव्वद परत केली, पंच्याऐंशी आणली, तीही नामदेवभाऊंकडूनच. पुन्हा पुढचीच काडेपेटी स्पष्ट. मग कळमेश्वरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांकडून दुसरी नव्वद घेतली. तोच दोष. तीन लेन्स, त्यातली एक तर दुसऱ्याच घरातून आलेली, आणि चूक एकच. इथे मी थांबायला हवं होतं. पण बोलता बोलता त्या गृहस्थांच्या तोंडून "नामदेवभाऊंना ओळखतो" असं निघून गेलं होतं. मला तेवढं पुरलं. वहीत लिहिलं: दोघे मिळालेले.

त्यानंतर मी सहा मुद्द्यांचा एक मजकूर तयार केला. लेन्स कोणती, दोष कोणता, कॅमेरा कसा मागितला, आणि शेवटी सर्वांनी सावध राहावं. रविवारच्या मंडळींचा फोनवर गट होता. मी त्यात नव्हते, म्हणून मजकूर दादाच्या फोनवरून, दादाच्या नावानं जायचा होता. दादा फोन हातात धरून बराच वेळ बसला. "मीने, त्याले लागन हे."

"लागू दे. उद्या दुसरा कोणी फसन त्याचं काय?"

त्यानं फोन टेबलावर ठेवला. पाठवायचं बटण शेवटी मी दाबलं.

नामदेवभाऊंनी उत्तर दिलं नाही. गट सोडला, रविवारी येणं बंद केलं. मंडळींनीही कॅमेरे दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, असं मागाहून कानावर आलं. तेव्हा मला ते योग्यच वाटलं होतं. दादा पन्नासवर परत आला आणि झाडं, पूल, नदीपात्र असं काहीबाही काढू लागला. म्हाताऱ्यांकडे कॅमेरा घेऊन गेला नाही. त्या तीन वर्षांत नऊपैकी चौघे गेले, आबाजींसह. त्या चौघांचाही राग मी नामदेवभाऊंवरच काढला.

दादा दवाखान्यात होता तेव्हा एका दुपारी मी सफरचंद चिरत होते. तो म्हणाला, "मीने, एका रविवारी नामदेवाकडे जाऊ. कॅमेरा दाखवून घेऊ."

"आधी बरा हो. अन् कॅमेरा न्यायचा नाई."

त्यानं फोड हातात घेतली, खाल्ली नाही. त्या आठवड्यात तो गेला.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी मी दादाच्या सामानाची यादी करायला घेतली आणि मंडळीतल्या प्रशांतला घरी बोलावलं. त्याच्याकडे तशाच बनावटीचा कॅमेरा आहे. आमच्याकडे राहिलेली कळमेश्वरची नव्वद त्यानं आपल्या कॅमेऱ्याला लावून नेली आणि आठ दिवसांनी फोटो घेऊन आला. त्याच्या आईचा चेहरा होता. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. "ताई, लेन्समधे काहीच दोष नाई," तो म्हणाला. मग दादाचा कॅमेरा घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. दूरच्या पाण्याच्या टाकीवर त्यानं कॅमेरा धरला, कडी दूरच्या टोकापर्यंत फिरवली, जिथे दोन्ही प्रतिमा एक व्हायलाच हव्यात, आणि माझ्या हातात दिला. खिडकीत दोन टाक्या दिसत होत्या. एकीला लागून दुसरी. किती वेळ पाहिलं तरी एक होईनात.

"खिडकीच चुकीचं सांगून राहिली, ताई. पन्नासनं उन्हात काढले तं एवढी चूक झाकून जाते. नव्वदनं ती उघडी पडली. नामदेवभाऊ कॅमेरा मागत होते ना?"

मी हो म्हटलं. प्रशांतनं त्याच संध्याकाळी गटावर लिहिलं, की लेन्स ठीक होत्या, दोष अरुणभाऊंच्या कॅमेऱ्यात होता. लोकांनी खाली अंगठ्याची चिन्हं टाकली.

गेल्या शनिवारी मी प्रताप नगरात गेले. पर्समध्ये चिठ्ठी होती, त्यावर एकच वाक्य लिहून नेलं होतं: तो मजकूर माझा होता, दादाचा नव्हता. आणि तरीही, खरं सांगते, जिना चढताना मनात आलंच, की कॅमेरा आपल्या समोरच उघडायला लावावा, आतल्या खोलीत नेऊ देऊ नये. नामदेवभाऊ म्हणाले, "या ताई," आणि मी काही सांगायच्या आतच मला गच्चीवर घेऊन गेले. उजेड तिथे चांगला म्हणून. कॅमेऱ्याची एक बारीक टोपी काढली, तिथून दिसणाऱ्या दूरच्या टाकीकडे पाहिलं, आतला स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा पाहिलं. "पाहा आता." दहा मिनिटंही लागली नव्हती. खिडकीत एकच टाकी होती.

"त्या दिवशी वहिनीले याच्यासाठीच विचारलं," ते टोपी बसवत म्हणाले. "माणूस गेला, त्याचा कॅमेरा वाकडा कायले ठेवा?" मग रुमालानं कॅमेरा पुसत राहिले, पुसून झाला तरी. "एक सांगू ताई? बाकीचे काय बोलले त्याचं मले काही नाई. पण अरुणभाऊनं मले चोर समजलं... ते नाई जात अजून. तुम्ही तं बहीण. शेवटी काही बोलले काय ते?"

"तुमच्याकडे यायचं म्हणत होता."

"काहून? भांडाले?"

"नाही हो. कॅमेरा दाखवायला."

त्यांनी मान हलवली. "आले असते तं दोघं गच्चीवर बसलो असतो," म्हणाले, आणि खाली बघत स्क्रू-ड्रायव्हर डबीत ठेवला. माझं वाक्य तयार होतं. मी पर्स उघडली, आणि त्यातून चिठ्ठीऐवजी चष्मा काढला. मग कॅमेरा पिशवीत घालून खाली आले.

दादामागे राहिलेल्या कामांची यादी माझ्याकडे आहे. निवृत्तिवेतनाचे कागद झाले, कपडे दिले, पुस्तकं वस्तीतल्या वाचनालयात गेली. उरलेल्या पाच जणांचे चेहरे प्रशांत घेतो आहे, दादाच्याच कॅमेऱ्यानं आणि त्याच नव्वदनं, दोन झाले. एका कामापुढे खूण नाही. मी हे ज्यासाठी लिहिते आहे ते वर्तमानपत्र नामदेवभाऊंच्या घरी येतं की नाही मला माहीत नाही, आणि छापून आलं म्हणजे सांगून झालं असं मी धरणार नाही. दादानं त्यांना एक दिवसही चोर समजलं नव्हतं. समजलं होतं ते मी. हे त्यांच्यासमोर बसून, तोंडानं सांगायचं आहे. काल संध्याकाळी त्यासाठीच निघाले होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथल्या ठेल्यावरून भाजी घेतली आणि परत आले.