वरचा पाय

नागोठणं मागं पडलं आणि मांडीवरच्या पिशवीत फोन वाजला. मी पेणहून रोह्याला निघाले होते, आजारी अक्काला बघायला. डब्यात तिच्यासाठी केलेली पेज होती, अजून गरम. पलीकडून तिची मुलगी मानसी एवढंच म्हणाली, "मावशी, आता घाई करू नकोस." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. एसटी निडीच्या रस्त्याला लागली. बाहेर कापलेली शेतं, त्यात बगळे, सगळं जागच्या जागी... मला मात्र वेड्यासारखं वाटत राहिलं, की मी पोचेपर्यंत अक्का थांबली असेल. मला न भेटता ती कधी कुठे गेली नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शैला. रोह्याच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, आमच्या भाऊजींचं, औषधांचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला घर. दुपारी भाऊजी जेवायला आत गेले की तेवढ्यापुरती अक्का काउंटरवर बसायची. बायकांनी हे बरोबर हेरलं. खाडीकडच्या मिठागरात काम करणाऱ्या, खांब-कोलाडच्या भातशेतीतल्या, बाजाराच्या निमित्तानं यायच्या आणि भाऊजी कधी उठतात याची वाट बघत पलीकडे उभ्या राहायच्या. दिवसभर अंगावर ओली साडी, कमरेला घट्ट नाडी, घाम, चिखल, खारं पाणी. मग नायटा झाल्याशिवाय राहतो का? तो व्हायचा कमरेला, जांघेत, छातीखाली. पुरुषमाणसापुढे हे उच्चारायचं कसं! म्हणून सगळ्यांची एकच मागणी असायची, "पायाला लावायचं मलम द्या."

भाऊजी सरळमार्गी. पाय म्हटलं की टाचांच्या भेगांचं मलम काढून द्यायचे. खांबच्या एका बाईनं ते कडक मलम जांघेत लावलं. दुसऱ्या दिवशी आली ती पाय फाकत, डोळ्यांत पाणी घेऊन. अक्कानं तिला आत नेलं, गार पाण्यानं सगळं धुवायला लावलं आणि डॉक्टरकडे पाठवलं. तेव्हापासून कुणी पायाचं नाव काढलं की अक्का काउंटरवरून पुढे वाकून हळूच विचारायची, "कंचा पाय गो? वरचा का खालचा?" बाई पदर तोंडाला लावून हसायची. "वरचा." झालं! बघता बघता हा शब्द गावोगाव गेला. पुढे पुढे तर बायका थेट भाऊजींनाच "वरच्या पायाचं द्या" म्हणू लागल्या आणि भाऊजी मान खाली घालून बरोबर ट्यूब काढून देऊ लागले.

अक्का मलम द्यायची थोडं आणि बोलायची फार. "खाज गेली म्हंजे नायटा गेला नाय गो. चट्टा दिसंनासा झाला तरी सांगितलंय तवर लावत ऱ्हा. एका ट्यूबवर अख्खं घर चालवू नको. परकर सुकवूनच घाल." झटपट गुण देणाऱ्या मलमाची कुणी मागणी केली की तिचा पारा चढायचा. "ते लावून आज बरं वाटल, उद्या दुप्पट पसरल. कातडी कांद्याच्या सालीवानी होल, मंग रडशील." आणि जाता जाता ठरलेलं वाक्य, "दोन आठवड्यांत उतरलं नाय तर माझ्याकडं येऊ नको, डॉक्टरबाईंना दाखव. लाजून मरशील काय?"

लाजून मरशील काय... हे मी हसत हसत लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

गेल्या वर्षी मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. अंघोळ करून ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला पांढरं मलम लागलं होतं. मी विचारलं, "काय लावलंस गं?"

"पायाला," ती म्हणाली आणि बोट टॉवेलला पुसलं.

मी हसले. तीही हसली. आम्हा बहिणींत तो शब्द आता थट्टेचाच झाला होता. मग आम्ही वाल सोलायला बसलो आणि गप्पा पेणच्या शेजाऱ्यांवर गेल्या.

खरं तर तिच्या डाव्या स्तनाच्या टोकाला खाज सुटली होती, खपली धरत होती. अक्कानं दुकानातलं मलम लावलं. बरं वाटलं. पुन्हा खपली, पुन्हा मलम. असं वर्षभर. शेवटी ब्लाउजवरचा रक्ताचा डाग मानसीनं कपडे वाळत घालताना पाहिला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वरून हे अगदी साध्या इसबासारखं दिसतं, आत मात्र कॅन्सर असतो. तोवर तो पुष्कळ पसरला होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान... नाही, पुढचं मी म्हणणार नाही. पण मला तिचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. घरात नवरा, मुलगी, फोनच्या अंतरावर मी. कुणापुढे तिला लाज वाटली? तिच्याकडे उभा तालुका आपलं झाकलेलं उघडं करून गेला आणि ही बाई स्वतःच्या बाबतीत "पायाला" म्हणून मोकळी झाली!

दिवसकार्य झाल्यावरही मी रोह्यालाच राहिले. दुपारी काउंटरवर बसते. परवा निडीची एक म्हातारी आली, तिला काही ठाऊक नव्हतं. "बाई हायत का?" तिनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत आहेत." ती बिचारी बराच वेळ बसून राहिली आणि मीही, कारण मलाही वाटू लागलं होतं की घराच्या दाराचा पडदा आता सरकेल आणि अक्का बाहेर येईल.

त्याच संध्याकाळी मानसी कंपनीतली शिफ्ट संपवून आली. चहा घेतला नाही. दार लावून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला काहीतरी दाखवायचंय." तिनं पाठ केली आणि कुर्ता वर केला. पाठीवर, खांद्याच्या खाली, एक लाल गोल चट्टा होता. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, आई आजारी असल्यापासून. आम्ही दोघी तशाच उठून डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिलं, थोडं खरवडून तपासलं आणि म्हणाल्या, "साधा नायटा आहे." मी तिथल्या बाकावर बसून जितकी रडले, तितकी अक्का गेली तेव्हाही रडले नव्हते. मानसीच मला पाणी देत होती.

चट्टा अशा जागी आहे की तिचा स्वतःचा हात पोचत नाही. म्हणून रोज सकाळी ती पाठ करून माझ्यासमोर बसते आणि मी मलम लावते. अगदी थोडं, कडेच्या जरा बाहेरपर्यंत. आणि रोज, बोट फिरत असताना, मला अगदी स्पष्ट जाणवतं की माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय... छातीवर पदर घट्ट धरून, आपला नंबर यायची वाट बघत.